सारकॉइडोसिससाठी प्रेडनिसोलोन: बरेच महिने घेतल्यानंतरचा अनुभव

दुष्परिणामांकडे वळण्याआधी एक सांगते, प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळीने माझा श्वास परत आणला. सारकॉइडोसिसमध्ये प्रतिकारशक्ती विनाकारण खवळते आणि फुफ्फुसांत, छातीतल्या लसिकाग्रंथींत पेशींचे बारीक पुंजके तयार होतात. एक्स-रे पाहिला की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो यायलाच हवा. टीबी असताना नुसतं स्टिरॉइड दिलं तर तो भडकतो. माझ्या डॉक्टरांनी ग्रंथीचा नमुना काढून तपासायला पाठवला, टीबी नाही याची खात्री करून घेतली आणि मगच रोज ४० मिलिग्रॅम सुरू केलं. दोन-तीन आठवड्यांत कोरडा खोकला ओसरला, जिना चढताना मध्ये थांबावं लागेना.

पहिल्यांदा गेली ती झोप. पहाटे तीनला टक्क जाग, डोकं लख्ख, अंगात भलतीच तरतरी. याच काळात चिडचिडही वाढते. घरच्यांना आधीच सांगून ठेवलं तर त्यांना ती औषधाची वाटते, तुमची नाही. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची, कारण शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तेही सकाळीच जास्त असतं. संध्याकाळी घेतली तर रात्रीची झोप आणखी बिघडते.

मग भूक. जेवून उठलं तरी तासाभरात पुन्हा खा-खा सुटायची. चेहरा गोल झाला, गाल वर आले, मानेच्या मागे उंचवटा आला, ओठांवर लव वाढली. आपल्याकडे अशा वेळी भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘वा, तब्येत छान सुधारली!’ हे ऐकून मला रडू यायचं. आरशात दिसणारी बाई अनोळखी वाटणं हा दुष्परिणाम चिठ्ठीवर लिहिलेला नसतो, पण तो खरा आहे. डोस उतरला तसा चेहरा बराचसा पूर्ववत झाला, हे मुद्दाम सांगते.

साखरेबद्दल जरा सविस्तर, कारण इथे पुष्कळजण फसतात. माझी उपाशीपोटीची साखर कायम ठीक यायची. दुपारी जेवणानंतर दोन तासांनी तपासली तर २००च्या वर! सकाळी घेतलेल्या गोळीचा साखरेवरचा जोर दुपारी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असतो. रात्रभरात तो उतरतो आणि सकाळचा रिपोर्ट निर्मळ दिसतो. तेव्हा फक्त उपाशीपोटीची तपासणी करून निश्चिंत होऊ नका. रक्तदाबही चढतो, म्हणून पापड, लोणचं, फरसाण मी जवळपास बंदच केलं.

मला सर्वांत जड गेलं ते मांड्यांतलं बळ जाणं. जमिनीवर मांडी घालून बसले की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येईना, एसटीची पहिली पायरी डोंगर वाटायला लागली. हात-बोटं मात्र ठणठणीत, दुखणं काहीच नाही. स्टिरॉइडने खांद्याचे आणि कमरेजवळचे स्नायू असेच रोडावतात. फिजिओथेरपिस्टने खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा साधा व्यायाम दिला, जेवणात डाळी, अंडी, दही वाढवलं. फरक पडला, पण सावकाश. कातडीही पातळ होते. बांगडी जरा दाबली गेली तरी मनगटावर काळानिळा डाग उठायचा.

हाडं ठिसूळ होतात हे बहुतेकांना माहीत असतं. म्हणून शेजारपाजारचे कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवतात. सारकॉइडोसिसच्या पेशंटने इथे फार जपावं. ते पेशींचे पुंजके स्वतःच डी जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप बनवतात, त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम आधीच वाढलेलं असू शकतं. माझ्या डॉक्टरांनी आधी रक्त आणि लघवीतलं कॅल्शियम तपासलं, हाडांची घनता मोजली, मग निर्णय घेतला. मोतीबिंदू आणि काचबिंदूसाठी डोळेही मध्ये-मध्ये दाखवावे लागतात. जांघेत किंवा खुब्यात दुखू लागलं तर ते अंगावर काढू नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. गोळी मनाने बंद करायची नाही, एक दिवसही नाही. बाहेरून इतकं मिळतंय म्हटल्यावर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवतात. त्यांना जागं व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. अचानक तोडलं तर उलट्या, रक्तदाब कोसळणं, बेशुद्धी, जिवावर बेतू शकतं. मोठा डोस भराभर उतरला, पण १० मिलिग्रॅमच्या खाली आल्यावर प्रत्येक पायरीला अंग मोडून यायचं, सांधे धरायचे. तिथे घाई करून चालत नाही. माझ्या पर्समध्ये ‘स्टिरॉइड चालू आहे’ अशी चिठ्ठी कायम असते. दात काढायचा असो की ऑपरेशन, आधी हे सांगायचं. ताप आला तर लगेच फोन, कारण अशा वेळी डोस वाढवावा लागतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर थेट दवाखाना, तिथे इंजेक्शनने द्यावी लागते. कांजिण्या झालेल्या मुलाजवळ गेलात तरी कळवा.

१९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी सांधेवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन हे याच जातीचं स्टिरॉइड दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५०मध्ये त्यांना केंडाल आणि राइशस्टाइन या संशोधकांसह नोबेल मिळालं. तोवर याच दुष्परिणामांची ओळखही होऊ लागली होती. म्हणजे हे काही नवं गूढ नाही. डॉक्टरांना माहीत आहे, विचारलं की सांगतात.

मला भीती वाटते ती गुडघेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांची. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. दोन दिवसांत चमत्कार होतो, पेशंट वर्षानुवर्षं खातो, आणि पुडी संपली की कोसळतो. घरात कोणाचा चेहरा असा गोल होत असेल तर पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ती परस्पर फेकून मात्र देऊ नका.

मी सध्या ५ मिलिग्रॅमवर आहे. पुढच्या भेटीआधी सकाळी आठला कॉर्टिसोलची रक्ततपासणी आहे. ग्रंथी कितपत जाग्या झाल्यात ते पाहून डॉक्टर पुढचा डोस ठरवतील.