पुण्यातल्या बोहरी आळीतून सामान आणून घरीच आयकार्डचे 32 पट्टे केले, त्याचा अनुभव

आमच्या सोसायटीच्या पोरांना जुलैत सिंहगडला न्यायचं ठरलं, 32 मुलं, सगळ्यात धाकटं सात वर्षांचं, आणि प्रत्येकाच्या गळ्यात नाव आणि आईबाबांचा फोन नंबर असलेलं कार्ड पाहिजेच हा माझा हट्ट होता. पट्टे छापून देणाऱ्या दोन-तीन ठिकाणी फोन केले तर 100 पट्ट्यांच्या खाली ऑर्डर कुणी घ्यायलाच तयार नाही. एकाने नमुना दाखवला तो दिसायला छान होता पण मानेमागे सुटणारं बकल नव्हतं, विचारलं तर म्हणाला मोठ्यांना लागत नाही मॅडम. अहो पण मला लहानांनाच घालायचे होते ना. मग घरीच करायचं ठरवलं.

सामानाला थेट बोहरी आळी. गाडी नेऊ नका, रविवार पेठेत पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो, आम्ही कोथरूडवाले वनाझला मेट्रोत बसलो, सिव्हिल कोर्टला बदलली, मंडईला उतरून चालत गेलो. तिथे लेस, बटणं, रिबिनी, हुक यांची दुकानं एकाला लागून एक आहेत, त्यामुळे एकाकडे नाही मिळालं तर दुसरा लगेच बोट दाखवतो. लॅनयार्ड म्हणालात तरी कळतं पण "आयकार्डची पट्टी" म्हणालात की लगेच रोल काढतात. मी जिथून घेतलं ते काका फार चांगले, मी पॉलिस्टर आहे का विचारलं तर त्यांनी टोकाचे दोन धागे काढून काडी लावून दाखवली. सुती असेल तर कागदासारखी जळून राख होते, पॉलिस्टर किंवा नायलॉन असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. नायलॉन आणि पॉलिस्टर मात्र जाळून आपल्याला ओळखू येत नाही, म्हणून एक वीतभर तुकडा मागून घ्या आणि घरी इस्त्री लावून बघा, नायलॉनला ताव सोसत नाही, आकसतं. मला इस्त्रीनेच अक्षरं चिकटवायची होती म्हणून पॉलिस्टर पाहिजे होतं.

20 मिलीमीटर रुंदीचा 50 मीटरचा रोल घेतला, 450 रुपये. 10 आणि 15 मिलीमीटरच्या पण असतात पण त्यावर मराठी नाव नीट बसत नाही, वरची मात्रा आणि खालचा उकार धरला तर अक्षर फारच बारीक होतं. मोठ्या माणसाला 90 ते 95 सेंटीमीटर पट्टी लागते, मुलांना मी 80 धरली, म्हणजे साधारण 26 मीटर लागली आणि बाकीची उरली.

आता हुक. इथे पैसे वाचवू नका हे अगदी मनापासून सांगते. आधी ऑनलाइन एका ठिकाणाहून स्वस्त पाकीट मागवलं होतं, त्यातल्या बऱ्याच हुकांची स्प्रिंग अडकत होती आणि एक बाल्कनीत पावसात राहिला तर चार दिवसांत गंजला. आळीत डॉग हुक (कुत्र्याच्या पट्ट्याला असतो तसा) आठ रुपयांना मिळाला, जड आहे, गोल फिरतो, दाबला की लगेच परत मिटतो. दुकानातच दहा-बारा दाबून बघा, कुणी काही म्हणत नाही. एकच हुक असला की कार्ड गरागरा फिरतं आणि नेमकी मागची बाजू पुढे येते, त्यावर उपाय म्हणजे दोन हुकांचा पट्टा नाहीतर कार्डाच्या दोन्ही बाजूंना नंबर लिहायचा, मी दोन्हीकडे लिहिला.

सुटणारं बकल सहा रुपयांना. हे मानेच्या मागे येतं, पट्टा कुठे अडकून जोरात ओढला गेला की पटकन सुटतं, गळ्याला फास बसत नाही. 40 घेतली आणि घरी येऊन एकेक दाराच्या कडीत अडकवून ओढून पाहिलं, तीन इतकी घट्ट होती की मला सुद्धा जोर लावावा लागला, ती काकांनी काहीही न विचारता बदलून दिली. म्हणून पाच पैकी पाच देते त्या दुकानाला, आणि तुम्ही कुठूनही घ्या पण ही ओढून बघायची पायरी टाळू नका, बकल आहे म्हणजे ते सुटतंच असं नाही.

अक्षरांसाठी इस्त्रीने चिकटणारं व्हायनल, म्हणजे पातळ प्लास्टिकची रंगीत शीट आणली आणि भाचीकडे कटिंग मशीन आहे तिच्याकडे कापलं. यात एक गंमत कळली, मराठी अक्षरं कापायला इंग्रजीपेक्षा सोपी जातात! शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकाच तुकड्यात उचलला जातो, इंग्रजीत एकेक अक्षर सुटं राहतं. पण त्याआधी सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं वेल्ड करून, म्हणजे एकमेकांत जोडून एकच आकार करून घ्यावी लागतात, नाहीतर काना आणि शिरोरेषा जिथे एकमेकांवर येतात तिथेही मशीन कापत जातं आणि शब्दाचे तुकडे होतात, आमची पहिली शीट अशीच वाया गेली. आणि अनुस्वार सांभाळा, "सिंहगड" मधला तो बारका ठिपका नको असलेलं व्हायनल सोलताना हमखास त्याच्याबरोबर निघून जातो, आम्ही मग टिंब मुद्दाम मोठं केलं. शब्द उलटा म्हणजे आरशातल्यासारखा कापायचा. इस्त्रीची वाफ बंद, वर पातळ सुती कापड ठेवायचं आणि न सरकवता 10-15 सेकंद नुसतं दाबून धरायचं.

अजून एक, पट्टी मानेमागून फिरून पुढे येते म्हणून एकाच दिशेने नाव लावत गेलं तर एका बाजूला अक्षरं वर चढतात आणि दुसरीकडे खाली उतरतात. मधोमध खूण करून तिथून दोन्हीकडे उलट सुलट दिशेने लावलं की दोन्ही बाजू सारख्या दिसतात. हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर माझी एक संध्याकाळ वाचली असती.

दुकानात सब्लिमेशन प्रिंटबद्दलही विचारलं होतं, ते दिसायला सगळ्यात सुंदर, शाई धाग्यातच मुरते त्यामुळे सोलत नाही, पण त्याला हीट प्रेस म्हणजे गरम दाबाचं मशीन पाहिजे, पॉलिस्टरच पाहिजे आणि तेही पांढरं किंवा फिकं. आमचा रोल गडद निळा म्हणून विषयच संपला.

शिलाई मशीनवरच करा. मी पहिले दोन हाताने शिवले, ओढल्यावर उसवले. पट्टीची टोकं आधी मेणबत्तीवर हलकी फिरवून घ्यायची म्हणजे धागे सुटत नाहीत, मग 16 नंबरची सुई, पॉलिस्टर दोरा, आणि जोडावर चौकोन घालून त्यात फुली मारायची, दप्तराच्या बंदाला असते ना तशी. माझं मशीन साधं पायाचं आहे, तीन पदर आरामात ओढले त्याने. दोन संध्याकाळी गेल्या, शेजारच्या काकूंनी कापून आणि टोकं जाळून दिली म्हणून, एकटीला चार लागल्या असत्या.

पूर्ण रोल धरूनही एक पट्टा साधारण 40 रुपयांना पडला, त्यात व्हायनलच्या दोन शीट आल्या, वाया गेलेली धरून. व्हायनलबद्दल खरं सांगायचं तर मी खूश नाही. दोनदा धुतल्यावर बारीक नावांच्या कडा सुटायला लागल्या, पट्टी सारखी वाकते ना. "सिंहगड" हे मोठं अक्षर होतं ते मात्र अजून पक्कं आहे. पुढच्या वेळी नाव फक्त कार्डावर आणि पट्टीवर एकच मोठा शब्द, असं करणार.

ट्रेकला आतकरवाडीच्या वाटेने गेलो, पाऊस होताच. उतरताना एका मुलीचा पट्टा करवंदीच्या जाळीत अडकला, ती पुढे पळत होती, खट्ट आवाज आला आणि बकल सुटलं, ती चार पावलं पुढे जाऊन थांबली आणि मागे वळून बघायला लागली. मी पट्टा काढून परत तिच्या गळ्यात घातला, बकल लावलं, ती परत पळाली. माझे हात मात्र बराच वेळ गार होते.

उरलेल्या पट्टीतून आता घरच्यांसाठी करतेय. आईला मोबाईल गळ्यात लागतो, तिलाही सुटणारं बकल लावलंय, कारण ती ओट्यापाशी मिक्सरवर वाकून काम करते. किल्ल्यांच्या पट्ट्याला मात्र बकल लावत नाही, तो खिशात किंवा कमरेला राहतो आणि गाडीवर सुटून किल्ल्या रस्त्यात पडल्या तर काय करायचं. वॉचमन काकांनी टेरेसच्या किल्लीसाठी एक मागितलाय, त्यांना काळा पाहिजे, काळा रोल संपला होता, पुढच्या आठवड्यात येईल म्हणाले दुकानवाले, तेव्हा परत चक्कर आहेच.