मालवणची स्नॉर्केलिंग सफर: पोराला पाच तारे, होडीला दोन

माणशी सहाशे घेतले आणि मास्क गळका. बदलून मागितला, तर दुसराही तसाच! सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ उतरलो तेव्हा पाणीही जरा गढूळच होतं.

पण सोबतचा पोरगा हुशार निघाला. म्हणाला, "सर, वरसून काय बघतास? खडपाच्या पोटाखाली बघा." खरंच, तिथे नखाएवढी पोवळी चिकटलेली. मी जीवशास्त्र शिकवतो, तरी हे प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिलं. पोवळ्याच्या अळीला, म्हणजे चिकटण्याआधी पाण्यात तरंगणाऱ्या पिल्लाला, डोळे नसतात, पण उजेड कळतो. कुठे चिकटायचं ते ठरवताना ती उजेडाची तीव्रता आणि रंगही जोखते. ऊन फार झालं तर अतिनील किरणांनी होरपळते. अंधार फार झाला तर पुढे पोवळ्याच्या अंगातल्या शैवालाला अन्न बनवता येत नाही. म्हणून बऱ्याच जातींच्या अळ्या कपारीची अर्धी सावली पसंत करतात. काही तर लालसर पृष्ठभागच निवडतात. एकदा चिकटल्या की घर बदलणं सहसा नाहीच.

आणि होडीवाल्याने नांगर टाकला तो नेमका त्याच खडपावर. १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे म्हटलं, तर तो हसला. पुढच्या वेळी मास्क घरून नेणार, आणि होडी दुसरी.