‘सर्व किडींना प्रतिरोधक’ भात: 45 किलो बियाण्यात आम्ही असे फसलो

पिशवीवर ठळक छापलं होतं, ‘सर्व किडींना प्रतिरोधक’. तिथेच पिशवी खाली ठेवायला हवी होती. प्रतिकार असतो तो एखाद्या किडीला, त्यातही तिच्या ठरावीक बायोटाइपना, म्हणजे त्याच किडीच्या वेगळ्या उपप्रकारांना. पिवळ्या खोडकिड्याला तर पारंपरिक संकरातून भक्कम दाद न देणारा वाण अजून जमलेला नाही, मध्यम प्रतिकारावरच गाडी अडली आहे. तपकिरी तुडतुड्यांना प्रतिकार देणाऱ्या बीपीएच 1 जीनचा आयआर 26 हा भाताचा वाण 1973 मध्ये आला आणि दोन-तीन वर्षांत त्यांचा नवा बायोटाइप त्याच्यावर पोसू लागला. हे सगळं माहीत असूनही एकरी 15 किलोप्रमाणे 3 एकरांचं 45 किलो घेतलं, तेही नेहमीच्या तिप्पट दराने. आदल्या हंगामात तुडतुड्यांनी पीक झोपवलेलं असलं की माणूस छापलेलं वाचत नाही, हवं ते वाचतो.

खरी चूक ट्रेपाशी झाली. विक्रेत्याने रोपांचा ट्रे दाखवला, वर तुडतुडे सोडलेले, रोपं हिरवीगार. पण त्या ट्रेत तुडतुड्यांना हमखास बळी पडणाऱ्या टीएन 1 वाणाची ओळच नव्हती! चाचणीत असा वाण शेजारी हवाच. तो जवळजवळ सगळा मेला की मगच बाकीच्या ओळींना 0 ते 9 गुण देतात. नुसती हिरवी रोपं काहीच सिद्ध करत नाहीत, कीड कालच सोडलेली असू शकते. प्रात्यक्षिकाच्या शेतात बुंध्याशी दाणेदार औषधाचे कणही दिसले होते. दिसले, आणि तरी गप्प बसलो. हे अजून डाचतं.

यापुढे कुणी प्रतिरोधक म्हणालं तर तिथल्या तिथे विचारा: कोणत्या किडीला, कोणत्या जीनमुळे, कोणत्या भागातल्या किडीवर तपासलं? अडखळला की उठा.

बियाण्यासोबत ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ 3 लिटर द्रावणही गळ्यात मारलं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं सायपरमेथ्रीन, म्हणजे पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक. लेबल भिंगाने वाचा, लाजू नका. लावणीनंतर 30 आणि 45 दिवसांनी फवारलं. पहिल्या फवारणीआधी चुडाला (रोपांच्या एका गड्ड्याला) 4 तुडतुडे होते, म्हणजे फवारणीसाठीच्या 10 च्या मर्यादेच्या निम्मेही नाहीत. हात लावायचं कारणच नव्हतं. पायरेथ्रॉइडने तुडतुडे खाणारे कोळी आणि त्यांची अंडी खाणारे मिरिड ढेकूण मारले. अंडी मात्र पर्णकोषाच्या आत सुरक्षित, आठवडाभराने पिल्लं बाहेर, खाणारं कुणी नाही. त्यात सल्ला होता, ‘वाण दणकट आहे, युरिया सढळ द्या.’ जास्त नत्राचं लुसलुशीत पीक तुडतुड्यांना हवंच असतं. दाट लावणी, 2-3 मीटरवर 30 सेंटिमीटरचा मोकळा पट्टाही सोडला नाही, कारण प्रतिरोधक वाणाला कशाला पट्टे! 65 व्या दिवशी चुडाला 70 तुडतुडे, आणि शेतात गोल करपलेले खळगे.

मग तक्रार. बियाणं तपासणीला गेलं. शुद्धता ठीक, ओलावा ठीक, उगवण ठीक, शेरा ‘बियाणे योग्य’. अहो, उगवणीबद्दल तक्रार कुणी केली होती? त्या तपासणीत किडीचा प्रतिकार मोजतच नाहीत. एक टेबल म्हणालं वाणाचा प्रश्न, दुसरं म्हणालं औषधाचा, तिसऱ्याने पावती मागितली आणि तिच्यावर लॉट क्रमांक नाही म्हणून परत केली. लॉट क्रमांक पावतीवर घेतल्याशिवाय दुकानातून हलू नका. पाहणीला माणूस आला 19 दिवसांनी. पीक करपलं की तुडतुड्यांच्या पंखवाल्या पिढ्या उडून जातात, मागे उरतो वाळका पेंढा. त्याने बुंधे हलवून पाहिले आणि लिहिलं, ‘कीड आढळली नाही.’

म्हणून तुडतुड्यांनी पीक करपायला लागलेलं दिसेल त्याच दिवशी बुंध्यावरचे तुडतुडे 70 टक्के अल्कोहोलच्या बाटलीत भरा, तारीख लिहा. रिकामी पिशवी टॅगसकट ठेवा आणि मूठभर बियाणंही. आमच्याकडे पिशवी होती. टॅग पेरणीच्या दिवशीच फाडून फेकला होता.