अंबाझरीच्या मागल्या काठानं, नव्या गुडघ्यासह

मार्चमध्ये माझा उजवा गुडघा बदलला. फिजिओथेरपीवाली पोरगी म्हणाली, "काकू, सपाट जागेवर चाला, पण रोज चाला." कॉलनीतल्या ट्रॅकवर गोल गोल फिरताना मला घाण्याच्या बैलासारखं वाटतं. म्हणून दिवाळीनंतर आम्ही दोघं नवराबायको नागपूरच्या अंबाझरी जैवविविधता उद्यानात जाऊ लागलो. आतापर्यंत चार खेपा झाल्या, म्हणून लिहितेय.

आधी एक सांगते. ऑटोवाल्याला नुसतं "अंबाझरी" म्हणू नका. तो तुम्हाला तलावाच्या पाळीजवळच्या जुन्या बगिच्याकडे नेऊन सोडेल. आमचं पहिल्या दिवशी तसंच झालं. "बायोडायव्हर्सिटी पार्क" म्हटल्यावर मात्र तो लगेच बोलला, "मंग आधी सांगाचं ना काकू!"

आत साडेसातशे हेक्टरांच्या आसपास गवताळ, झुडपी रान आहे आणि त्याला लागून तलावाचं पाणी. एवढं सगळं पाहायचं तर सायकलवाल्यांनी पाहावं. आम्ही दीडेक किलोमीटर जातो आणि मागे फिरतो. तेवढ्या वाटेत चढ असा जाणवत नाही. मातीची वाट असल्यानं सिमेंटसारखा गुडघ्याला दणका बसत नाही. मी घरून घडीचं स्टूल नेते. दर दहा मिनिटांनी बसते आणि बसल्यावरच पक्षी दिसतात.

पहिली खेप नेमकी पक्षी सप्ताहात झाली, ५ ते १२ नोव्हेंबर. म्हणजे मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. शेजारी स्टूल टाकून बसलेल्या एका कॉलेजच्या मुलानं मला हळदीकुंकू दाखवलं. मला वाटलं, थट्टा करून राहिला. पण बदकाचं नावच ते! चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. बाकीची बरीच बदकं हिवाळ्यापुरती येतात, हे मात्र बारमाही इथलंच. पाणकावळा खुंटावर पंख पसरून बसला होता, धुतलेला कोट वाळत घातल्यासारखा. त्याची पिसं पाण्यात भिजतात म्हणून त्याला तसं बसावं लागतं, हेही त्या मुलानंच सांगितलं. टिटवी मात्र कुणी दाखवावी लागत नाही. आपण दिसलो की ती सगळ्या रानाला सांगून मोकळी होते.

काठावर बेशरमाचं झुडूप माजलेलं आहे. विदर्भात दुसरं नाव कुणाला माहीत नाही आणि गरजही नाही. कुठंही रुजतं, गुरं तोंड लावत नाहीत. त्याची फिकी जांभळी फुलं मला आवडतात, हे यांना पटत नाही.

आता दुर्बीण. सीताबर्डीतल्या एका दुकानातून आम्ही २०×५० ची घेतली, कारण दुकानदार म्हणाला, "आकडा मोठा तेवढं जवळ दिसते." दिसतं खरं, पण माझ्या हातात पक्षी थरथरतो, माझा हात जेवढा हलेल त्याच्या वीसपट चित्र हलतं. त्या मुलाच्या ८×४२ मधून सगळं स्वच्छ, शांत दिसलं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल त्याचा, दुसरा समोरच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. आमच्या वयाच्या लोकांनी आठपटीच्या वर जाऊ नये. आमची परत घ्यायला दुकानदार तयार नाही. सध्या ती नातवाकडे असते, चंद्र पाहायला.

अंबाझरी तलावाचं हे धरण १८७० च्या सुमाराचं. एके काळी शहराला पिण्याचं पाणी इथूनच जायचं. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांकडून येते, ती याच तलावात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे हा तलाव भरून सांडला तेव्हा माझ्या बहिणीच्या घरात फ्रिज तरंगत होता. मागल्या काठावर उभं राहिलं की पाण्याचा पसारा डोळ्यांत मावत नाही, मग त्या पहाटेचं नवल वाटत नाही. बहिणीला मी दोनदा चल म्हटलं. ती येत नाही.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि दिवस उजाडताच. पावसाळ्यात काळी माती चपलेला अशी धरते की प्रत्येक पायाचं वजन किलोभर वाढतं, आणि माझ्यासारखीला घसरणं परवडत नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर जाऊच नका बाप्पा. रविवारी स्पीकर लावून येणारे घोळके असतात. टिटवीही ऐकू येऊ नये इतका त्यांचा आवाज. आम्ही मंगळवारी जातो.

यांचं आणि माझं चालण्यावरून वाजतं. यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे. पहिल्या दिवशी हे पुढे, मी मागे, परत येऊन मला विचारतात, "काहून बसली?" त्या दिवशी यांची सहा हजार पावलं झाली आणि पक्षी दिसला एक, तोही कावळा. मागच्या मंगळवारी मी टिबुकली दाखवली. ती बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. हे थांबले. घड्याळातलं स्टॉपवॉच लावलं. एक बुडी सोळा सेकंद, दुसरी एकोणीस. मी आलूबोंड्याचा डबा उघडला तरी यांचं लक्ष नाही. "थांब, अजून वर आली नाही," म्हणाले.