ताज्या चहापत्तीची प्रतवारी: फिरती चाळण, वारा की कॅमेरा?

यंत्र निवडण्याआधी पाला पुढे कशात जाणार आहे ते ठरवा. सीटीसीच्या (क्रश-टेअर-कर्ल, म्हणजे पाला चिरडून, फाडून दाणेदार चहा करायची पद्धत) दातेरी रोलरांत जाणार असेल, तर कळी वेगळी आणि पान वेगळं काढण्यात फारसा अर्थ नाही. ते रोलर सगळ्याचे बारीक दाणे करून टाकतात. तिथे रोलरांच्या आधी हिरव्या पाल्याची थरथरती चाळण आणि लोहचुंबक हवं. खडे, वाळू, एखादा खिळा बाहेर पडला की भागलं. (खिळा निसटला तर रोलरचे दात जातात, आणि चहाची चव बिघडल्याचं कळायच्या आत हा फटका कळतो.)

खाली लिहिलंय ते अख्ख्या पानाचा चहा करणाऱ्यांसाठी, म्हणजे हिरवा, ऊलाँग (हिरवा आणि काळा यांच्या मधला) किंवा ऑर्थोडॉक्स (सीटीसी न करता पान वळून केलेला) काळा. यात दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. डब्यावरच्या ओपी (ऑरेंज पेको), बीओपी (ब्रोकन ऑरेंज पेको) या खुणा तयार, सुक्या चहाच्या आहेत. पान अख्खं आहे की तुटकं आणि तुकडा केवढा, एवढंच त्या सांगतात. ताज्या पाल्याची प्रत म्हणजे कळी आणि एक पान किती, कळी आणि दोन पानं किती, सुटी पानं, जून पानं आणि देठ किती. सुक्या चहाची चाळणी कितीही चांगली असली तरी ओल्या पाल्याला तिचा उपयोग नाही. ओल्या पाल्यात 75 ते 80 टक्के पाणी असतं. तो वाकतो, गुंततो, चिकटतो आणि दुखावतो.

प्रतवारी लागते ती मुख्यतः यंत्राने खुडणी सुरू झाल्यावर. हाताने खुडणारा माणूस झाडावरच निवड करत असतो. पातं मात्र एका पातळीत येईल ते सगळं कापतं: कोवळा शेंडा, अर्धं तुटलेलं पान, खालचा जून देठ. हे सगळं एकाच कढईत गेलं की कोवळं करपतं आणि जून कच्चं राहतं.

फिरती चाळण

हा सगळ्यात जुना आणि माझ्या मते बहुतेकांना पुरणारा पर्याय. आडवा, थोडा उतरता ड्रम असतो. त्याची भोकं सुरुवातीला बारीक आणि पुढे मोठी होत जातात. चुरा आणि सुटे तुकडे आधी गळतात, मग लहान शेंडे, मग मोठे. टोकातून जून पानं आणि लांब देठ बाहेर येतात.

यात फसवणारी गोष्ट अशी की शेंडा भोकातून उभाही जातो. म्हणजे चाळण लांबी मोजत नाही, पानांचा पसारा मोजते. लांब पण मिटलेला शेंडा बारीक भोकातून निसटतो आणि लहान पण उमललेला अडकून पुढे जातो. त्यामुळे दोन कप्प्यांच्या सीमेवर थोडी सरमिसळ राहणारच. विक्रेता शंभर टक्के अचूकता सांगत असेल तर ते हसून सोडून द्या.

ड्रमचा वेग मात्र नीट बघा. ठरावीक वेगाच्या पुढे पाला भिंतीलाच चिकटून गोल फिरत राहतो, खाली पडतच नाही. 60 सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमसाठी हा वेग मिनिटाला साधारण 54 फेरे येतो. काम करायचं ते त्याच्या निम्म्याच्या आसपास, 25 ते 30 फेऱ्यांवर. ड्रम मोठा असेल तर त्याहून कमी. त्यामुळे वेग बदलता येणारी मोटार नसलेलं यंत्र मी तरी घेणार नाही. सकाळचा दवाने भिजलेला पाला आणि दुपारचा पाला एकाच वेगावर सारखा चाळला जात नाही.

भोकांच्या कडांवरून बोट फिरवून बघा. बोटाला खरखर लागली तर पानालाही लागणार. बांबूची जाळी पानाला मऊ, पण धुवायला त्रासाची. पत्र्याची जाळी टिकते, फक्त कडा घासलेल्या हव्यात.

वारा

ही आपली उफणणीच. पंख्याच्या झोतात पाला सोडायचा: खडा पायाशी पडतो, घट्ट कळीचा शेंडा जवळ, पसरट सुटं पान लांब. पान कशावर आपटत नाही, त्यामुळे मार सगळ्यात कमी. पण यात वेगळं होतं ते वजन आणि पसारा यांच्या गुणोत्तरावर. जाड जून पान आणि कोवळा दुपानी शेंडा बऱ्याचदा एकाच जागी पडतात. शिवाय पानावर पाणी असेल तर हलकं पानही जड वागतं आणि सगळा हिशेब कोलमडतो. एकट्या वाऱ्यावर प्रतवारी सोपवू नये. चाळणीनंतर मधल्या कप्प्यातली सुटी पानं उडवायला तो उत्तम.

कॅमेरा

पट्ट्यावरून पाला जातो, कॅमेरा बघतो, हवेचा फटका नको ते बाजूला उडवतो. कळी आणि जून पान यांतला फरक त्याला खरोखर कळतो, जो चाळणीला कधीच कळत नाही. अडचण बघण्याची नाही, मांडण्याची आहे. पाला एका थरात, एकमेकांवर न चढता पट्ट्यावर आला तरच कॅमेरा बरोबर. ओला पाला गुच्छाने येतो आणि ओलं पान पट्ट्याला चिकटून बसतं. एकेरी थर लावायचा तर तासाला जाणारा माल घटतो. जात बदलली, कोंबावर जांभळी झाक आली, की यंत्राला पुन्हा शिकवावं लागतं. माल थोडा आणि फार उंची असेल, शिवाय यंत्र बिघडल्यावर त्याच दिवशी येणारा माणूस जवळ असेल, तरच याचा विचार करा. पाला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही.

समोरासमोर

भरपूर माल कमी वेळात काढायचा तर चाळण. पानाला मार नको तर वारा. कोवळं-जून नेमकं ओळखायचं तर कॅमेरा. दवात तिघांचीही पंचाईत होते, त्यातल्या त्यात चाळण कशीबशी चालत राहते. दुरुस्तीतही चाळणच सोपी: बेअरिंग, पट्टा, जाळी, संपलं. पहिलं यंत्र चाळण, दुसरं गरज पडली तर पंखा, असाच क्रम मी लावेन. हाताने काळजीपूर्वक खुडत असाल तर यातलं काहीच नको. आणि खुडणीची पाळी लांबवून पाला जून झाला असेल, तर आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

पैसे देण्याआधी

स्वतःचा पाला घेऊन जा, विक्रेत्याने निवडून ठेवलेला नको. यंत्रात घालण्याआधी एक ओंजळ बाजूला काढा, यंत्रातून आलेली दुसरी ओंजळ शेजारच्या ताटात पसरा आणि तासभर थांबा. पानाला मार लागला असेल तर पेशी फुटून आतला रस हवेला लागतो आणि कडा, देठाचं टोक तांबूस होतं. खुडताना तुटलेल्या टोकाला तांबूसपणा दोन्ही ताटांत दिसेल, तो धरू नका. पानाच्या मधोमध डाग आहेत का ते बघा. काळ्या चहाला थोडे डाग चालून जातील, हिरव्याला नाही.

मग प्रत्येक कप्प्यातून शंभर ग्रॅम घ्या, हाताने निवडा आणि कळी-एकपानी, कळी-दुपानी, सुटं, जून असं वेगवेगळं तोला. हेच पुन्हा यंत्र सलग दोन तास चालल्यावर करा. तोवर भोकांत देठ अडकलेले असतात आणि पहिल्या दहा मिनिटांचे आकडे बदललेले असतात. अडकलेले देठ काढायला ब्रश बाहेरून लागतो की ड्रम उघडावा लागतो, तेही तेव्हाच बघून घ्या.