देवगडात बीएमडब्ल्यू आय८: नऊ महिने आणि एक लाल दिवा

३ मार्चला संध्याकाळी आय८ला, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रीड गाडीला, चार्जिंगची केबल लावली आणि वायरीच्या मधल्या ठोकळ्यावर हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. काढली, परत लावली. लाल. दुसऱ्या प्लगात, लाल. त्या दिव्याने पुढचा दीड महिना माझं डोकं खाल्लं, त्यामुळे या लिखाणात गाडी कमी आणि दिवा जास्त असेल. चालवून घ्या.

गाडी माझी नाही, मावसभावाची. मुंबईत त्याची इमारत पाडायला घेतली, भाड्याच्या जागेत पार्किंग नाही, म्हणून गेल्या गणपतीला तो ती आमच्या खळ्यात लावून नांदगावहून रेल्वेने परत गेला. "दादा, उभी ठेवलीस तर खराब होईल. फिरवत जा." पेट्रोल आणि विजेचे पैसे तो देणार असं ठरलं. मी कलमांचा धंदा करतो, हिशेबाची वही रोज लिहितो. तिच्यात गाडीसाठी वेगळं पान काढलं.

दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन मागे, विजेची मोटर पुढे, दोन्ही मिळून ३६२ हॉर्सपॉवर, हे सगळं तुम्हाला पाठ असेल. २०१५ च्या फेब्रुवारीत सचिनच्या हस्ते ती भारतात आली तेव्हा किंमत २.२९ कोटी होती, तेही एक्स-शोरूम. २०२० मध्ये उत्पादन बंद झालं. जगभरात वीस हजारांच्या थोड्या वर निघाल्या, त्यातली एक आमच्या फणसाखाली उभी आहे. मला पाठ आहे तो आकडा वेगळा: जमिनीपासून उंची ११७ मिलिमीटर. म्हणजे आपली वीतसुद्धा नाही. जामसंड्यापासून देवगडपर्यंतचा प्रत्येक गतिरोधक कुठल्या कोनातून घ्यायचा हे मी आता झोपेत सांगेन.

पहिले दोन महिने गाडीबद्दल माझं मत वाईट होतं. दार वर उघडतं ते पडवीच्या वाशाला लागतं. उंबरठा इतका रुंद की आईला बसवलं खरं, पण उतरवायला आम्ही दोघं आणि समोरचा रिक्षावाला. डिकी १५४ लिटर, तीही इंजिनाच्या मागे. तिथे आंबा ठेवणं म्हणजे अढीत ठेवण्यासारखंच. मागच्या सीटवर माणूस बसत नाही, पेटी बसते. दोन पेट्या मावतात. पेट्रोल भरायला बटण दाबून टाकीतला दाब उतरायची वाट बघायची, तोवर पंपावरचा मुलगा शेजारच्या चार स्कुटरी उरकतो. आणि इंजिनाचा तो भारदस्त आवाज, तो निम्मा स्पीकरमधून येतो! हे कळल्यावर मी दोन दिवस लोकांना हेच सांगत होतो.

मत बदललं ते फोंडाघाटात. कोल्हापूरहून परत येताना दाजीपूरपासून खाली ब्रेकला पाय जवळजवळ लागलाच नाही. उतारावर गाडी स्वतःच आवरते आणि आवरताना बॅटरी भरते. फोंड्यात पोचेपर्यंत विजेवरच्या अंतरात चार-पाच किलोमीटरची भर पडली होती. फुकट मिळालेल्या चार किलोमीटरचा आनंद ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही. शिवाय खारा वारा. माझ्या स्कुटरचं मडगार्ड तीन वर्षांत चाळणी झालं, खिडकीचे गज दर दिवाळीला रंगवावे लागतात. या गाडीची बसायची पेटी कार्बन फायबरची, खालचा सांगाडा अॅल्युमिनियमचा. गंजायला लोखंड फारसं नाहीच. फक्त ब्रेकच्या डिस्कवर सकाळी नारिंगी थर दिसतो, तो पहिल्या दोन ब्रेकला जातो.

वीज म्हणाल तर विजेवर ३७ किलोमीटर हा कागदावरचा आकडा. जुनी बॅटरी आणि एसी चालू धरून मला बावीस-तेवीस मिळतात. बाजार, पोस्ट, तारामुंबरी, कुणकेश्वर, सगळं त्यात भागतं. भरायला तीन तास आणि मीटरवर सहा युनिटं. हिशेब केला तर स्कूटरपेक्षा स्वस्त पडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वर घरचा आकडा तीनशे युनिटांच्या पुढे गेला की दर चढतो, म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी मीटर बघूनच केबल लावतो. यावर बायको हसते. हसू दे.

तर तो लाल दिवा.

मावसभाऊ ज्याच्याकडे गाडी देतो त्या गॅरेजवाल्याला फोन केला. त्याने व्हिडिओ मागवला, अर्ध्या मिनिटात निदान दिलं: केबल गेली. जुनी मिळत नाही, नवी बाहेरून मागवावी लागेल, पाच हजार आगाऊ पाठवा. मावसभावाने पाठवलेसुद्धा. मी मात्र बेचैन, कारण केबल मेलेली असती तर रोज मेलेली असती ना? पहाटे पाचला लावली की कधीकधी हिरवा दिवा लागायचा. दुपारी कधीच नाही. एकदा भर दुपारी लागला, तेव्हा मी वहीत तारीख आणि वेळ लिहून ठेवली: १९ मार्च, पावणेदोन.

त्या दिवशी काय वेगळं होतं, हे बायकोने सांगितलं. तिने गोधड्या धुतल्या होत्या आणि सगळं पाणी मागच्या भिंतीशी ओतलं होतं.

आमच्या वायरमनला बोलावलं. तो गाडीकडे गेलाच नाही. थेट मागच्या भिंतीशी उकिडवा बसला, मीटरपासून खाली आलेली तार बोटाने धरून जमिनीपर्यंत गेला आणि म्हणाला, "काका, गाडयेक काय एक झाला नाय. तुमच्या घराक अर्थिंगच नाय."

झालं होतं असं की वडिलांच्या वेळी अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली. सहा वर्षांपूर्वी तो पाइप सडला म्हणून मी स्वतः उभा राहून प्लॅस्टिकचा घालून घेतला. तारेला उरला दोन फुटांचा तुकडा, कातळाच्या फटीत. आमच्याकडे खाली जांभा. पावसात तो पाणी पितो आणि ऑगस्ट ते जानेवारी तेवढ्या तुकड्यावर काम चालतं. फेब्रुवारीत कातळ कोरडा पडला की वीज जमिनीत उतरायला वाटच नाही. केबलवरचा ठोकळा चार्जिंग सुरू करण्याआधी हीच वाट तपासतो आणि नसेल तर नकार देतो. म्हणजे दीड महिना मी ज्याला शिव्या घालत होतो तो ठोकळा घरातला एकटा शहाणा होता. वायरमनने अर्थ टेस्टर लावला. जमिनीत उतरताना वीज किती अडते ते तो ओहममध्ये दाखवतो, आकडा जितका कमी तितकं बरं. आमचा आकडा दोनशे ओहमच्या पलीकडे.

आता खरी लाज वाटायची गोष्ट. फ्रिजच्या दांड्याला चिमटा बसतो, असं बायको दोन उन्हाळे सांगत होती. मी तिला सांगितलं होतं, चपला घालून उघड. बायकोचं ऐकलं नाही, दोन कोटींच्या गाडीने सांगितलं तेव्हा वायरमनला फोन केला. हे वाक्य तिचं आहे, माझं नाही, पण खोडण्यासारखं काही नाही.

नवा खड्डा केळीच्या आळ्याशी घेतला, कारण मोरीचं पाणी बारा महिने तिथेच जातं. आठ फुटी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, भोवती मिठाचा एक थर, कोळशाचा एक थर. कातळ लागला म्हणून ब्रेकर आणावा लागला, खर्च तिथे वाढला. एकूण ६,८०० रुपये. आकडा अठरावर आला. भर एप्रिलच्या दुपारी दोन वाजता केबल लावली, हिरवा दिवा. वायरमन म्हणाला, वैशाखात रोज एक बादली पाणी घाला. घालतो.

तेव्हा जुनी हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडी किनारपट्टीवर आणणाऱ्यांनी केबल बदलायच्या आधी अर्थ टेस्टर लावून घ्या, आणि तोही पावसात नको, मार्च-एप्रिलमध्ये. पावसात सगळ्यांचंच अर्थिंग पास होतं.

गॅरेजवाल्याने पाच हजार परत केलेले नाहीत. म्हणतो, ऑर्डर गेली. कुठे गेली ते सांगत नाही.

गाडी अजून वर्षभर इथेच आहे, इमारतीचं काम प्लिंथपर्यंतसुद्धा आलेलं नाही. या महिन्याच्या हिशेबात मी मावसभावाला पेट्रोल, वीज आणि खड्ड्याचे निम्मे, ३,४०० रुपये, लावून पाठवले. पेट्रोल आणि विजेचे त्याने लगेच टाकले. खाली लिहिलं, "दादा, फ्रिज तुझा आहे."