दुधी, भोपळा आणि डोळ्यांवरचा डबा

पणजीत मुलांच्या खेळांच्या एका दुकानात व्हीआरवर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणाऱ्या आभासी जगात, मराठी शब्द शिकवणारा खेळ आलाय. वीस मिनिटांचे ३५० रुपये. मी फोंड्यात बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे 'शब्दसंपत्ती वाढवा' अशी पाटी दिसली की पाय थांबतातच. सोबत सहा वर्षांची नात होती.

डोळ्यांवर हेडसेट चढवला की आपण बाजारात उभे. शब्द ऐकायचा, हातातल्या कंट्रोलरने ती वस्तू उचलायची, टोपलीत टाकायची. पुढे स्वयंपाकघर येतं. तेच सगळं समोरच्या टीव्हीवरही दिसतं, म्हणून मला बसल्या जागी कळत होतं. क्रियापदांना मी पैकीच्या पैकी देईन. 'ओत', 'सोल', 'पीळ' म्हटलं की हात तसाच हलवावा लागतो. 'ढवळणे' आणि 'घुसळणे' यांतला फरक सांगताना वर्गात माझा खडू झिजायचा. हिच्या मनगटाला तो दोन मिनिटांत कळला.

गाडी अडली ती दुधीपाशी. 'दुधी उचल' म्हटल्यावर नातीने भोपळा उचलला. लाल फुली. पुन्हा भोपळा, पुन्हा फुली. आमच्या घरात कोकणी, आणि कोकणीत दुदी म्हणजे भोपळाच. मराठीतला दुधी तो कोंकणदुदी. "आजी, हीच न्ही दुदी?" पोर रडकुंडीला आली. तिचं काय चुकलं होतं? पण यंत्राला ते ठाऊक नाही, आणि डबा चढवलेला असल्यामुळे माझ्याकडे बघायची तिला सोय नाही. भाजीवालीसमोर हाच घोळ झाला असता तर हसत हसत दोन्ही शब्द पक्के झाले असते.

दुसरी तक्रार मोठी आहे. तिथे होते ते क्वेस्ट हेडसेट. ते बनवणाऱ्या मेटाने, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीने, त्यांच्यासाठी किमान वय १० ठेवलंय. २०२३पर्यंत तर १३ होतं. दुकानात नातीचं वय कुणी विचारलं नाही. अर्धा किलोचं ओझं तिच्या नाकावर, आणि भिंगांमधलं अंतर मोठ्यांच्या डोळ्यांचं. हे मी घरी आल्यावर वाचलं, तेव्हा निम्मा दोष माझाही.

तरी पुढच्या आठवड्यात परत गेलो. या खेपेला हेडसेट मी चढवला, नात टीव्हीसमोर. "आजी, डावीकडे! खाली वाक. ते नाही गं, लांब देठाचं!" पहिल्या दिवशी वीस मिनिटांत एकच प्रश्न विचारणारी पोर, आता तोंड मिटेना. शब्द ओळखणं वेगळं आणि तो वेळेवर जिभेवर येणं वेगळं. तो आला या उलट्या खेळात. दुकानदाराला म्हटलं, लहानग्यांसाठी असंच ठेवा. त्याने मान हलवली, पण पाटी तीच आहे.

जाणार असाल तर शनिवार टाळा, रांग असते. आणि माझ्या वयाच्यांनी खुर्चीवर बसूनच खेळावं. मी उभ्याने स्टुलावर गुडघा आपटून घेतला, आणि 'काळंनिळं' हा शब्द खेळात नसतानाही नातीला फुकट मिळाला.